पाचव्या चित्रापासून

२ मार्च

प्रिय वहिनी,

पुस्तक आलं! काल दुपारी छापखान्यातून पेटी आली आणि मला धीरच निघेना, पहारेकऱ्याच्या टेबलावरच ती फोडली. खिळा बोटात घुसला. पहिल्या प्रतीच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे दोन थेंब पडले, ती प्रत मी ठेवून घेतली. तुम्हाला स्वच्छ पाठवते आहे.

अकरा चित्रपानं, दोनशे सहा शंख, आणि त्यातला एकेक तुमच्या हातचा. तुम्ही नसता तर माझं पुस्तक म्हणजे नुसती बडबड झाली असती, हे मी कबूल करते. पुन्हा करायला लावू नका.

आता खरी बातमी. संग्रहालयाची समिती वीस एप्रिलला बसणार आहे आणि शंखदालनाचा प्रमुख नेमणार आहे. तुम्हाला माहीत आहे, मी इथे नऊ वर्षं बिनहुद्द्याची 'मदतनीस' आहे. सकाळी पहारेकऱ्याकडे किल्ली मागायची, संध्याकाळी परत करायची. पाहुणे येतात ते मला छत्री सांभाळायला देतात. काल संचालक स्वतः खाली आले, पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "बाई, आता तुम्हाला नाही म्हणायचं तर कारण शोधावं लागेल." वहिनी, स्वतःची किल्ली! माझ्या पदराला बांधलेली! हसू नका.

दादाला सांगा, त्याचा दाढीचा आरसा सुटला. दीड वर्ष बिचारा खिडकीच्या काचेत बघून गाल खरवडतो आहे. मी तुम्हाला पहिल्यांदा शिकवलं तो दिवस आठवतो? छपाईच्या दगडावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून शंख आरशासमोर ठेवायचा आणि आरशातला शंख दगडावर काढायचा. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे मी खोटं काढायचं, तेव्हा कुठे खरं उमटणार." मी ते वाक्य संचालकांना माझं म्हणून सांगितलं होतं.

सातव्या पानावर मधोमध आपला डावा आहे. मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर तुम्हाला सापडलेला. शंखाचं टोक वर धरलं की तोंड उजवीकडे उघडतं, हजारांत नऊशे नव्याण्णवांचं. त्या भिंतीवरचे सगळेच्या सगळे डावीकडे उघडतात. त्याच्यावर मी आख्खं प्रकरण लिहिलं आहे. समितीतले ते चष्मेवाले प्राध्यापक वाचून जळून खाक होतील.

तुमची वन्सं


९ मार्च

वन्सं, तुम्हाला नमस्कार,

पुस्तक पोहोचलं. यांनी आधी हात धुतले, मग उघडलं. एवढं मी सांगितलं की घरात पुस्तकाला काय मान मिळाला ते तुम्हाला कळेल. बंदराच्या कचेरीतही घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आणलं ते रुमालात गुंडाळून. बोलले काहीच नाहीत. तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला काय सांगायचा!

आणखी एक सांगते, पण अजून मनातच ठेवा. वैद्यकशाळेत शिकवणारे शस्त्रवैद्य आहेत ना, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, ते पुस्तक बघून घरी आले. त्यांना हाताच्या हाडांची चित्रं हवी आहेत. चाळीस. "ज्यांनी हे शंख काढले त्यांनीच काढावीत," म्हणाले, आणि ते यांच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून म्हणाले. हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे निम्मं हो. मी आत जाऊन उगाचच भांडी घासली, घासलेलीच होती तरी.

आता एक विचारू का? रागावू नका. पहिली चार चित्रपानं फार सुरेख उतरली आहेत. पाचव्यापासून पुढे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आपला डावा छापात उजवीकडे उघडतो आहे, आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे डावीकडे. पुस्तक आरशासमोर धरलं तेव्हा सगळे आपापल्या जागी आले. आकडे मात्र सुलट आहेत, ते छापखानेवाले स्वतः टाकतात म्हणून असेल. यात तुमच्या शास्त्राची काही रीत असेल तर मला कळत नाही एवढंच. यांना बोलले नाही.

तुमची वहिनी


१५ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पुस्तक अभ्यासकांच्या सभेपुढे मांडून परत आले होते. दोन तास आधी आलं असतं तर निदान तोंड लपवायला वेळ मिळाला असता.

रीत वगैरे काही नाही. सगळं उलटं छापलं आहे. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत सातच्या सात पानं.

चष्मेवाले उभे राहिले. पुस्तकाचं पान उचलून खिडकीकडे धरलं, मागच्या बाजूने बघितलं आणि म्हणाले, "अच्छा, बाईंचं पुस्तक इकडून वाचायचं असतं." मग म्हणाले, "यांच्या किनाऱ्यावर सगळ्याच गोगलगायी डावखुऱ्या दिसतात. फक्त एक उजवी, आणि नेमकी तिलाच या डावी म्हणतात." चाळीस माणसं हसली. मी मोजली नाहीत, पण मला सगळ्यांचे दात आठवतात. ज्या बाईला डावं-उजवं कळत नाही तिला शंखदालन कसं द्यायचं, असं कोणीतरी मागून म्हणालं, आणि त्यावर कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

संचालकांनी लेखी खुलासा मागितला आहे. ३० तारखेच्या आत. दोष कोणाचा, एवढंच त्यांना हवं आहे.

तुम्ही उलट टपाली कळवा. पाचव्या पानापासून छापखान्याने दगडांऐवजी तो खळ लावलेला कागद पाठवायला सुरुवात केली. त्या कागदावर तुम्ही कसं काढलंत? आरसा घेऊन? तसं काढायला तुम्हाला कोणी सांगितलं? त्या कागदावरचं चित्र आधी दगडावर उलटतं आणि दगडावरून छापताना पुन्हा सुलटतं. तिथे सरळच काढायचं असतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

वन्सं


२० मार्च

वन्सं,

हो, आरसा घेऊनच काढलं. पहिल्या चार पानांसारखंच. कागद आला तेव्हा तुमचं पत्र सोबत होतं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, "दगडाऐवजी आता हा कागद, बाकी सगळं नेहमीप्रमाणेच." मी नेहमीप्रमाणे केलं. आणि कागद छापखान्यात जायच्या आधी तुमच्याकडेच येत होते, तुम्ही आरशात तपासून 'ठीक' म्हणून लिहीत होतात. मला वाटलं, ठीक आहे.

मला काही माहीत नव्हतं, वन्सं. छापखाना मी आयुष्यात पाहिलेला नाही.

यांना कचेरीत कोणीतरी सांगितलं. घरी आले ते चपला न काढता तसेच खुर्चीवर बसले. म्हणाले, "तुझ्यामुळे झालं का हे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तेव्हापासून घरात शब्द मोजून बोलले जातात.

तुम्ही नऊ वर्षं त्या किल्लीसाठी घालवलीत, हे मी विसरलेली नाही. माझं काय, मी घरातली बाई, माझ्याकडूनच चुकलं असं संचालकांना सांगा. शस्त्रवैद्यांची चित्रं होतील तर होतील, न होतील तर न होतील. तुमचं काम जाऊ नये.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. मध्यंतरी दालनात नव्या काचा बसवायचं काम निघालं, त्यामुळे एका जागी बसणं म्हणून झालं नाही. इकडे उकाडा सुरू झाला आहे. दादाच्या खोकल्याचं काय? त्याला वाऱ्यावर बसू देऊ नका.

खुलासा दिला, आणि मला वाटतं, निभावलं. छापखानेवाल्यांनी त्यांच्या नकलांच्या वहीतून काढून दाखवलं की नव्या कागदाबरोबर त्यांनी एक चिठ्ठी दिली होती, 'या कागदावर चित्र सुलट काढावे, आरसा वापरू नये' म्हणून. ती चिठ्ठी पाचव्या पानाच्या शंखांबरोबर मी तुमच्याकडे पाठवलेली मला पक्की आठवते. तेव्हा समितीला मी तेवढंच कळवलं, की सूचना चित्रकाराकडे गेली होती, चित्रकाराच्या नजरेतून ती सुटली असावी. तुमचा उल्लेख कुठेही नाही, नुसतं 'चित्रकार'. यात कोणाची बदनामी होण्यासारखं काही नाही. तुम्हीच म्हणाला होतात.

संचालक समाधानी दिसले. म्हणाले, "आमच्या मनात तेच होतं, बाई. घरी बसून चित्रं काढणाऱ्यांचं असंच होतं." वीस तारखेबद्दल आता काळजी नाही असं ते दोनदा म्हणाले.

पुढच्या खेपेला आपण दोघी जास्त सांभाळून काम करू. तुमच्यावर माझा काडीचाही राग नाही.

तुमची वन्सं


८ एप्रिल

वन्सं,

तुमचा माझ्यावर राग नाही, हे वाचलं.

संग्रहालयाचं मासिक पत्रक शस्त्रवैद्यांकडेही येतं. तुमचा खुलासा त्यात जसाच्या तसा छापला आहे. काल त्यांचा माणूस आला आणि त्यांनी ठेवायला दिलेली हाडांची पेटी परत घेऊन गेला. सोबत चार ओळी होत्या. शस्त्रक्रियेच्या पुस्तकात डावा हात उजवा झाला तर माणूस जिवाला मुकेल, तेव्हा सूचना न वाचणाऱ्या हाताकडे काम देता येत नाही, दिलगीर आहे. माणूस सभ्य आहे. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

यांनी आरसा उचलून पुन्हा खिळ्याला लावला. रंगाची पेटी कपाटाच्या वर ठेवली. रागाने नव्हे. "झालं तेवढं पुरे," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चिठ्ठी माझ्या नजरेतून सुटली असावी, असं तुम्ही लिहिलंत. मला वाटलं, असेल बाई, आपल्याला शिक्षण नाही, सुटली असेल. म्हणून शोधायला बसले. सगळे खण उपसले. तुमची सगळी पत्रं, शंखांच्या कापसाच्या वळकट्या, सगळं. आणि ती सापडली तेव्हा मी तिच्याकडे बघतच होते, कारण ती जवळजवळ आठ महिने माझ्या समोर होती.

माझ्या चित्राच्या फळीला वरच्या कोपऱ्यात टाचणीने लावलेली. तुमच्या अक्षरातली पाचव्या पानाच्या शंखांची मापं. लांबी, रुंदी, वेढे किती. तुम्हीच लिहिलं होतं की हा कागद डोळ्यांसमोर ठेवा, हलवू नका. मी हलवला नाही. काल पहिल्यांदा टाचणी काढली आणि कागद उलटा केला. मागे छापखान्याची चिठ्ठी. वर तुमचं नाव, तुमचा पत्ता. 'बाईंस विनंती की चित्रकारास कळवावे.'

म्हणजे चिठ्ठी तुमच्याकडे आली, तुम्ही वाचलीत की नाही देव जाणे, हाताशी कोरा कागद नव्हता म्हणून तिच्या पाठीवर मापं लिहिलीत आणि मला पाठवलीत. 'पाठवली' हे खोटं नाही. इतकं खरं बोलायला मला जमलं नसतं.

त्या दिवसाचं तुमचं पत्रही सापडलं. ११ ऑगस्ट. 'बाकी सगळं नेहमीप्रमाणेच.'

मी म्हटलं होतं की दोष माझ्यावर घाला. ते म्हणताना मला वाटत होतं की दोष कोणाचाच नाही, आणि कोणाचाच नसेल तर मी उचलायला काय हरकत आहे. आता तसं राहिलं नाही.

दोन्ही कागद सोबत पाठवते आहे, नोंदणी करून. नक्कल ठेवलेली नाही. यांना दाखवले नाहीत, शस्त्रवैद्यांनाही नाहीत. दाखवले असते तर आजच रंगाची पेटी खाली आली असती. पण मग वीस तारखेला तुम्ही समितीसमोर उभ्या राहाल तेव्हा तुम्हाला कोणीतरी पकडून आणल्यासारखं झालं असतं. तसं मला नको.

काय करायचं ते करा.

वहिनी


१६ एप्रिल

वन्सं,

टपालवाले म्हणतात, पाकीट १३ तारखेला तुमच्या सहीने घेतलं गेलं. म्हणजे पोहोचलं.

एवढंच विचारायचं होतं.


२२ एप्रिल

वहिनी,

कुठून सुरुवात करू? क्रमानेच सांगते, म्हणजे मला मध्येच पळता येणार नाही.

पाकीट तेराला मिळालं. मी ते शंखांच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. चौदाला काढून पुन्हा वाचलं. पंधराला दालनातल्या शेगडीजवळ उभी राहिले. उकाड्यात शेगडी कशाला, तर डिंक वितळवायला. ती मापांची चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती जाळली नाही, पण जाळणार होते, वहिनी. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तुम्ही नक्कल ठेवली नाही हे मला माहीत होतं आणि मी त्याचाच विचार करत होते. तेवढ्यात डिंक उतू गेला आणि मी भांडं उचलायला धावले. चांगुलपणा वगैरे काही नव्हता, डिंक होता.

चिठ्ठी मी वाचली होती का, असं तुम्ही विचारलं नाहीत. वाचली होती. पहिल्या दोन ओळी. मग वाटलं, छापखान्याची नेहमीची कुरकुर, नंतर बघू. आणि तुमचे कागद मी आरशात तपासले कारण दीड वर्षं मी तुमची चित्रं आरशातच बघत होते. माझ्या डोळ्यांना आरशातलंच खरं वाटायला लागलं होतं. प्रुफं आली तेव्हा घाईत फक्त आकडे पाहिले. नऊ वर्षं शंखांत घालवलेल्या बाईला छापलेला शंख उलटा आहे हे कळू नये! चष्मेवाले बरोबर बोलले. मला डावं-उजवं कळत नव्हतं.

१६ तारखेचं तुमचं पत्र वीसला सकाळी आलं. ते नसतं आलं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. एका ओळीने माझी झोप उडवायची कला तुमची जुनीच आहे.

समितीत सात जण. संचालकांनी माझं नाव पुढे केलं. मी म्हटलं, आधी मला दोन कागद वाचायचे आहेत. संचालक म्हणाले, "बाई, गरज नाही. खुलासा झालेला आहे." मी म्हटलं, "झालेला खुलासा माझा होता आणि तो लबाड होता." खुर्चीची पाठ धरून वाचलं. एका बाजूची मापं, दुसऱ्या बाजूची चिठ्ठी, आणि ११ ऑगस्टचं माझंच पत्र.

मग चष्मेवाल्यांनी पुस्तक मागवलं आणि भिंतीवरचा आरसा काढायला सांगितला. सातवं पान आरशासमोर धरून किती वेळ बघत राहिले! मी म्हटलं, "सगळे एकाच बाजूला उलटले आहेत, एकही चुकलेला नाही. चित्रकाराने निष्काळजीपणा केला असता तर काही उलटे, काही सुलटे झाले असते. हा मधला बघा. याच्या शेजारचे सगळे डावे दिसतात तेव्हा हा एकटा उजवा दिसतो. ज्याला सगळ्यांत वेगळा काढायचा होता त्याला तिने बरोबर वेगळा काढला." आणि मी पदराच्या गाठीतून तो खरा डावा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी टोक वर धरलं. तोंड डावीकडे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला बघायची इच्छा राहिली नव्हती.

संचालक शेवटी एवढंच म्हणाले, "हे कागद तुम्ही आणले नसते तर कोणाला कळलं नसतं." मी म्हटलं, "हो."

पाच विरुद्ध दोन. दालन चष्मेवाल्यांच्या विद्यार्थ्याला मिळालं. त्या दोघांतलं एक मत चष्मेवाल्यांचं होतं, आणि ते मला होतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सातही चित्रपानं नव्याने छापायची, आणि प्रत्येक प्रतीत एक पत्रक घालायचं असं ठरलं. पत्रकाचा मजकूर मी लिहिला. चूक लेखिकेची, चित्रकार निर्दोष, आणि चित्रकार कोण तेही त्यात स्पष्ट आहे. तुमच्या शस्त्रवैद्यांना मी काल वेगळं पत्र टाकलं. दादालाही टाकणार होते, पण लिहिवेना. हेच पत्र त्याला द्या. सगळं. डिंकासकट.

आज सकाळी मी पहारेकऱ्याकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, "आता नव्या साहेबांकडे असते." वर गेले. नवे साहेब चोवीस वर्षांचे आहेत. मला बघून उठून उभे राहिले, आणि किल्ली द्यायला त्यांचा हात पुढे आला तेव्हा ती आमच्या दोघांच्या मधेच खाली पडली. दोघंही वाकलो. मीच उचलली.

माझ्याकडून झालं ते तुम्ही विसरावं असं मी म्हणत नाही. नवी सात पानं तुम्ही काढाल का? नाही म्हणालात तर मी कोणालाही विचारणार नाही. पुस्तक चार पानांचं राहील.

वन्सं


२९ एप्रिल

वन्सं,

पत्र यांना दिलं. डिंकासकट. यांनी दोनदा वाचलं आणि घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता मध्येच थांबले, स्टूल ओढलं आणि कपाटावरून रंगाची पेटी खाली काढली. मग खिळ्यावरून आरसा काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. एका गालाला साबण तसाच. मी म्हटलं, "राहू द्या, आता आरसा लागत नाही." आरसा परत लावला आणि उरलेला गाल केला. नंतर म्हणाले, "तिला लिही, खोकला बरा आहे."

शस्त्रवैद्यांचं उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरून चालत नाही.

मी रागावलेली नाही, असं लिहिणार होते. पण तुम्ही खरं लिहिलंत तर मीही खरंच लिहिते. रागावले आहे. चिठ्ठीचं नाही, कामाच्या घाईत मीही दूध उतू घालवते. २ एप्रिलच्या पत्राचं. त्यात तुम्ही खोकल्याची चौकशी केलीत ना, ते अजून जात नाही मनातून. जाईल. वेळ लागेल.

आणि शेगडीपाशी उभ्या राहिलात ते सांगितलंत म्हणूनच मी हे पत्र लिहायला घेतलं. ते नसतं सांगितलं तर तुम्ही मोठ्या मनाच्या म्हणून मी तुम्हाला नमस्कार पाठवला असता आणि चित्रं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या म्हटलं असतं.

नवी पानं मी काढते. माझ्या दोन अटी आहेत. छापखान्याच्या चिठ्ठ्या यापुढे थेट माझ्या पत्त्यावर येतील. आणि मापं तुम्ही कोऱ्या कागदावर लिहाल. कागद नसेल तर मला कळवा, मी पाठवीन.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या त्या डाव्याचं चित्र सगळ्यांत आधी काढलं, काल संपलं. मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर जाऊन आणखी तीन आणले, खात्री करायला. चारही डावीकडेच उघडतात. शंख माझ्या हातात होता आणि कागद समोर, मध्ये काहीच नव्हतं. सुरुवातीला हात सारखा उलटा वळायचा, दीड वर्षाची सवय. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं.

सोबत पाठवते आहे. तपासताना आरसा घेऊ नका.

तुमची वहिनी